बेघरांसाठी पालिकेचा आराखडा : रात्रीच्या मोजणीपासून भाड्याच्या खोलीपर्यंत

पालिकेतली बेघर निवाऱ्याची फाईल पहिल्यांदा हातात येते, तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा तीनच गोष्टी सापडतात. वरून आलेलं एक पत्र, त्याला उत्तर म्हणून गेलेला 'शहरात बेघर व्यक्ती आढळून आल्या नाहीत' असा एका ओळीचा अहवाल, आणि कधीतरी निवाऱ्यासाठी सुचवलेल्या एखाद्या बंद शाळेचं नाव. त्याच संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बघा. शेवटची गाडी गेल्यावर बाकांवर, तिकीट खिडकीच्या आडोशाला, मुतारीमागच्या कट्ट्यावर माणसं अंथरूण टाकताना दिसतील.

ही फाईल ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्यांदा निवडून आलेले नगरसेवक, नागरी उपजीविकेच्या कक्षात रुजू झालेले समुदाय संघटक, निवारा चालवायला घ्यावा का या विचारात असलेल्या लहान संस्था. मी अशा एका संस्थेतर्फे निवारा चालवला आहे, पालिकेत बिलांसाठी खेटे घातले आहेत आणि आराखडे लिहूनही दिले आहेत. चुकलेले आराखडे मला बरोबर निघालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. त्यातले बरेचसे एकाच जागी चुकले होते: इमारत कशी होणार हे त्यांत नीट लिहिलेलं होतं, पण ती सहाव्या वर्षी कोण चालवणार हे कुठेच नव्हतं.

हे पालिकेचं काम आहे का?

सभेत पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून उत्तर टिपणीच्या पहिल्या परिच्छेदातच देऊन ठेवा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांच्या १८ विषयांची यादी आहे. त्यात नववा विषय समाजातल्या दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हा आहे, दहावा झोपडपट्टी सुधारणा आणि अकरावा शहरी दारिद्र्य निर्मूलन. यापेक्षा लांबचा आधार शोधायची गरज नाही.

न्यायालयाचा आधारही जोडा. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला. त्यावर अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश झाले, प्रकरण दिल्लीबाहेरच्या शहरांपर्यंत गेलं आणि 'लाख लोकसंख्येमागे एक निवारा' हे माप तिथून रूढ झालं. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र घटक होता. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निवारे खरोखर उभे आहेत का आणि दिलेला पैसा गेला कुठे, हे तिने तपासायचं होतं. लेखापालांना हे जरूर सांगा. निधी परत गेला तर त्याचा जाब विचारला जाऊ शकतो, हे कळल्यावर फाईल हलते असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी : रात्री मोजा

आकडा नसेल तर पैसा मागता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं घराविना आढळली, त्यातली ९.४ लाखांच्या घरात शहरांमध्ये. महाराष्ट्राचा आकडा २.१ लाखांच्या आसपास होता. हे आकडे प्रस्तावना लिहायला ठीक आहेत, आराखड्याला पुरत नाहीत. एका रात्रीची मोजणी, तीही इतकी जुनी. तुमच्या शहराची मोजणी तुम्हालाच करावी लागेल.

आधी दिवसा नकाशा करा. प्रभागांचा नकाशा घेऊन चहाच्या टपरीवाल्यांशी, रिक्षा स्टँडवरच्या चालकांशी, सफाई कामगारांशी बोला. पहाटे झाडू मारणाऱ्या ताईंना जेवढं माहीत असतं तेवढं पालिकेत कुणालाच नसतं. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, भाजी बाजार, मार्केट यार्ड, उड्डाणपुलाखालची जागा, देवळाचा मंडप, दर्ग्याचं आवार, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, मजूर अड्डा, नदीकाठचा घाट, गावाबाहेर पाल ठोकून राहिलेली कुटुंबं. या सगळ्या जागांवर खूण करा.

मग रात्री दहा-साडेदहानंतर निघा. दोघा-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक बाई असेल तर उत्तम. पोलिसांना आधी पत्र द्या, पण सोबत नेऊ नका. खाकी दिसली की माणसं उठून चालू लागतात, कारण उचलून नेल्याची आठवण जवळजवळ प्रत्येकाला असते. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि रस्त्यावर झोपणाऱ्या कष्टकऱ्यालाही त्याची धास्ती असते. झोपलेल्याच्या तोंडावर बॅटरी मारू नका. जे जागे आहेत त्यांच्याशी बसून बोला, झोपलेल्यांची फक्त संख्या लिहा, आणि मोबाईल खिशातच ठेवा. फोटो काढायची परवानगी रात्री साडेअकराला कुणी मनापासून देत नसतं.

प्रश्न थोडे ठेवा. काल रात्री कुठे झोपलात, इथे किती दिवस आहात, काम कुठे करता, बरोबर कोण आहे, कुठले कागद आहेत, आजार काय. शेवटी एक प्रश्न मी नेहमी ठेवते: निवारा काढला तर तिथे याल का, आणि येणार नसाल तर कशामुळे? आराखड्यातली जागा, वेळा, कुलपं, सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरांतून ठरतं. एका बाजारपेठेच्या गावात हमालांनी सांगितलं होतं, "ताई, आम्ही रात्री दोनला माल उतरवायला उठतो, तुमचं दार तेव्हा उघडाल का?" तोवर निवारा रात्री दहाला बंद करायचा असंच आमच्या मसुद्यात लिहिलेलं होतं.

एका रात्रीवर थांबू नका. एक रात्र आठवड्याच्या मधली घ्या, एक बाजाराच्या दिवसाची, आणि जमलं तर एक पावसाळ्यातली. पावसात माणसं पुलाखाली आणि फलाटावर सरकतात, कुठलीतरी जत्रा असली की शंभर माणसं तिकडे निघून जातात. बायका मात्र रात्रीच्या मोजणीत नेहमी कमी भरतात. त्या लपून झोपतात, दवाखान्यात पेशंटची नातेवाईक म्हणून बसून राहतात, कित्येकजणी रात्रभर चालत राहतात. त्यांना गाठायचं तर सकाळी सहाला सार्वजनिक शौचालयाबाहेर थांबा आणि तिथल्या पैसे घेणाऱ्या माणसाशी ओळख करा.

दुसरी पायरी : आकडा फोडा

'शहरात २१२ बेघर' एवढंच लिहिलेला अहवाल निरुपयोगी आहे. एकटे कामकरी पुरुष किती, एकट्या बायका किती, मुलंबाळं असलेली कुटुंबं किती, म्हातारी माणसं, अपंग, मानसिक आजार असलेली, दवाखान्यातून सुटून बाहेर बसलेली किती, हे वेगळं काढा. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनीही पुरुष, महिला, कुटुंब आणि विशेष गरजा असलेले असे निवाऱ्यांचे वेगळे प्रकार मांडले होते, ते याचसाठी. नवरा-बायकोला दोन इमारतींत टाकलं की तिसऱ्या दिवशी दोघंही परत पुलाखाली दिसतात.

मानसिक आजार असलेल्यांबद्दल इथेच सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अशा माणसाला गाडीत घालून शहराच्या हद्दीबाहेर सोडून यायचं, हा प्रकार मी पाहिला आहे. तो अमानुष आहे आणि कायद्यालाही धरून नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रस्त्यावर भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण असल्याचं पोलिसांना वाटलं, तर तिला संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं असतं. निराधार आणि बेघर माणसाला सरकारी रुग्णालयात हा उपचार मोफत आहे, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. आराखड्यात एक ओळ घाला: जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातल्या कुणाला फोन करायचा, आणि बरं झाल्यावर तो माणूस कुठे येणार.

तिसरी पायरी : पैसा, आणि तो कशासाठी चालतो

आता मुख्य मुद्दा. निवाऱ्याला लागणारा पैसा दोन प्रकारचा असतो, उभारणीचा आणि चालवण्याचा. पहिला मिळतो. दुसऱ्यासाठी वणवण होते.

अभियानाची मापं माहीत असू द्या. लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १००, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. उभारणीच्या खर्चात केंद्र-राज्याची वाटणी सुरुवातीला ७५:२५ होती, पुढे ६०:४० झाली. चालवण्यासाठी ५० जणांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख रुपये, आणि तेही ५ वर्षं. अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्यामुळे जुन्या परिपत्रकावर नवा प्रस्ताव रचू नका. चालू वर्षात कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या नावाखाली, काय मिळतं, हे नगर परिषद प्रशासन संचालनालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. मापं म्हणून मात्र हे आकडे अजून कामाचे आहेत, कारण मंजुरी देणारे अधिकारी तेच मनात धरून बसलेले असतात.

एक हिशोब करून बघू. समजा तुमच्या शहराची लोकसंख्या दीड लाख आहे. मापाप्रमाणे १५० जणांची सोय, म्हणजे ५० जणांचे तीन निवारे. एकाला झोपण्यापुरती २,५०० चौरस फूट जागा, शिवाय न्हाणीघरं, संडास आणि स्वयंपाकाची जागा वेगळी. आता चालवण्याचे ६ लाख घ्या. महिन्याला ५० हजार. दिवसाला माणशी जेमतेम ३३ रुपये. यात व्यवस्थापक एक, तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक, सफाईला एक, अशी पाच माणसं ठेवायची. प्रत्येकाला महिना १२ हजार धरले तरी ६० हजार होतात. म्हणजे वीज, पाणी, चादरींची धुलाई, गॅस आणि औषधं यांचा विचार करायच्या आधीच १० हजारांची तूट. आणि काळजीवाहकाला किमान वेतनापेक्षा कमी देऊन ही तूट भरून काढायची असेल, तर निवारा चालवूच नका असं मी स्पष्ट सांगेन. रात्रीच्या पाळीला एकटा असलेला काळजीवाहक, दारू पिऊन आलेल्या माणसाला शांत करणारा, फिट आलेल्याला दवाखान्यात नेणारा, तो या सगळ्या योजनेचा कणा आहे.

म्हणून आराखडा पगारापासून लिहायला घ्या. पहिल्या पानावर पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च, आणि त्याखाली तो कुठून येणार. इमारत तिसऱ्या पानावर गेली तरी चालेल.

उभारणीचे मार्ग बरेच आहेत. खासदार निधी आणि आमदार निधीतून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी राहते, म्हणून इमारत, संडास, पाण्याची टाकी यांसाठी तो मागा. पगारासाठी मागू नका, पत्र परत येईल. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात नागरी वस्ती सुधारणेच्या योजना असतात, त्यांच्या निकषात जागा बसते का ते पहा. वित्त आयोगाच्या अनुदानाचा बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो. निवाऱ्याचे नळ, संडास, मैलापाणी यांची कामं त्यात बसवता येतात का, हे पाणीपुरवठा आणि आरोग्य विभागासोबत बसून तपासा. पंधराव्या वित्त आयोगाने अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, भागातून पगार आणि आस्थापना खर्चाला मनाई केली होती, हेही ध्यानात असू द्या.

चालवण्यासाठी शेवटी पालिकेचा स्वनिधीच लागतो. महिला व बालकल्याण, दिव्यांग कल्याण, दुर्बल घटक यांच्यासाठी राखून ठेवायच्या रकमा प्रत्येक पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतात आणि मार्चअखेर त्यातला काही भाग खर्च न होता राहिलेलाही दिसतो. महिला निवाऱ्याचा खर्च पहिल्यात, अपंग रहिवाशांसाठीच्या सोयी दुसऱ्यात बसतात का, यावर मुख्याधिकारी आणि लेखापाल यांचं लेखी मत घ्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी तिसरा मार्ग. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत गरिबी निर्मूलन, महिलांसाठी घरं आणि वसतिगृहं, वृद्धाश्रम यांचा उल्लेख आहे. पण कंपन्यांना नाव रंगवलेली भिंत आवडते. त्यांच्याकडून गाद्या, लॉकर, सौर पाणीतापक घ्या, आणि शक्य असेल तर दोन वर्षांचा धुलाईचा खर्च मागा. मी मागितला होता, एकदा मिळालाही.

चौथी पायरी : जागा

गावाबाहेर, कचरा डेपोच्या वाटेवर पालिकेची रिकामी इमारत असते आणि सगळ्यांना ती सुचते. तिथे कुणी येणार नाही. ज्याचं काम पहाटे भाजी बाजारात आहे, तो रात्री चार किलोमीटर चालत येऊन सकाळी तीनला परत चालत जाणार नाही. मार्गदर्शक सूचनांतही निवारा स्टेशन, बस डेपो, बाजार अशा माणसांच्या आणि कामाच्या जागांजवळ असावा असंच म्हटलं होतं. तुमच्या मोजणीचा नकाशा काढा, ठिपके जिथे दाट आहेत तिथून वीस मिनिटांच्या चालीत जागा शोधा. पालिकेची बंद शाळा, जुना दवाखाना, रिकामं समाजमंदिर, मंडईचा वरचा मजला. नवी इमारत बांधायला तीन वर्षं जातात, दुरुस्तीला सहा महिने पुरतात.

शेजारचे लोक विरोध करतील. तो विरोध खरा मानून बोला. त्यांच्या भीती ठरलेल्या असतात: दारू, चोऱ्या, पोरीबाळींची सुरक्षितता. मोजणीत भेटलेल्या लोकांची यादी नावं न सांगता त्यांच्यापुढे ठेवा, इतके हमाल, इतक्या धुणीभांडी करणाऱ्या, इतके केटरिंगचे वाढपी. बऱ्याच वेळा त्यांच्याच लग्नात वाढणारा माणूस त्यात निघतो.

आत काय हवं याची यादी लांब आहे, मी तीनच गोष्टी सांगते ज्या नकाशात हमखास राहून जातात. कुलूप लावता येणारा लॉकर, प्रत्येकाला एक. सगळं आयुष्य एका पिशवीत असलेला माणूस ती पिशवी उशाला घेऊन जागत बसतो. हातगाडी, वजनकाटा, भंगाराचं पोतं ठेवायची बंद जागा. आणि दिवसाही झोपता येईल अशी एक अंधारी खोली, रात्रपाळीवाल्यांसाठी.

पाचवी पायरी : सभा आणि वेळापत्रक

हे थोडक्यात. नगरपालिकांचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत सभेपुढे येतं, विभागांच्या मागण्या त्याआधी गोळा होतात. म्हणून मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरका, डिसेंबरात टिपणी तयार ठेवा. स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. 'इतर' मध्ये टाकलेली रक्कम ऑगस्टपर्यंत रस्त्यांच्या खड्ड्यांत गेलेली असते. ठरावात जागेचा गट क्रमांक, निवाऱ्याचा प्रकार, क्षमता आणि पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाची हमी, या चार गोष्टी शब्दशः लिहून घ्या.

संस्था नेमताना स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे इच्छुक संस्थांचे अर्ज, मागवतात. कमीत कमी दराला काम देण्याची सवय इथे घातक ठरते. करारात बिल किती दिवसांत अदा होईल ते लिहून घ्या, आणि संस्थांनो, तुम्ही किमान चार महिन्यांचे पगार हाताशी असल्याशिवाय सही करू नका. एका पालिकेकडे आमचं बिल नऊ महिने अडकलं होतं. तीनपैकी दोन काळजीवाहक सोडून गेले, त्यांच्याजागी नवे मिळेपर्यंत मीच रात्री थांबले. पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही की पुढचा हप्ता येत नाही, आणि ते न जाण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं की हजेरीपट आणि खरेदीची बिलं एका ठिकाणी ठेवलेली नसतात. पहिल्या दिवसापासून ठेवा.

सहावी पायरी : दार उघडल्यावर

आधार कार्डाची अट घालू नका. ज्याचं सगळं चोरीला गेलं, पावसात भिजलं किंवा रस्त्यावरच्या कारवाईत उचललं गेलं, त्याच्याकडे कार्ड असतंच असं नाही. नाव, वय, गाव, अंगठा किंवा सही, आणि अडचणीत कुणाला कळवायचं. एवढ्यावर आत घ्या, कागद नंतर करू.

ते नंतर म्हणजे पहिल्या पंधरा दिवसांत. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, ते करून द्या. मतदार नोंदणीला घराचा कागद लागत नाही. बेघर माणसाने अर्जात दिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री येऊन पाहायचं, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. त्यानंतर बँक खातं, शिधापत्रिका, आणि पात्र असतील त्यांना संजय गांधी निराधार अनुदान किंवा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. तहसील कार्यालयात जाताना रहिवाशाला एकटं पाठवू नका. एकट्या गेलेल्या माणसाला 'उद्या या' हे वाक्य जितक्या वेळा ऐकावं लागतं, तितकं सोबत कुणी असताना लागत नाही.

रहिवाशांची समिती करा आणि तिला खरा अधिकार द्या: आवराआवरीच्या पाळ्या, टीव्ही किती वाजेपर्यंत, भांडण झालं तर काय. एकदा समितीने स्वतःहून ठरवलं की दारू पिऊन आलेल्याला बाहेर काढायचं नाही, व्हरांड्यात वेगळी गादी द्यायची. मला ते सुचलं नसतं.

सातवी पायरी : बेघर होण्याआधी

आपल्याकडच्या योजनांतली मोठी उणीव इथे आहे. अमेरिकेत इमर्जन्सी सोल्युशन्स ग्रँट नावाच्या केंद्रीय निधीतून शहरं आणि काउंट्या थकलेलं भाडं सहा महिन्यांपर्यंत भरू शकतात, तीन वर्षांच्या काळात २४ महिन्यांपर्यंत भाड्याला मदत करू शकतात. घर सुटण्याआधी कुटुंबाला सावरायचं, आणि सुटलंच तर लवकर परत भाड्याच्या घरात न्यायचं, या दोन कामांसाठी त्यात वेगळी लेखाशीर्षं आहेत. आपल्या पालिकांकडे असं काही नाही. तरीही बिनपैशाचे किंवा थोड्या पैशाचे बरेच उपाय हातात आहेत, ते आराखड्यात एका स्वतंत्र पानावर लिहा.

माणूस रस्त्यावर कुठून येतो ती दारं ठरलेली आहेत. दवाखान्याचं एक. जिल्हा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांशी ठरवून घ्या की ज्याला घर नाही त्याला डिस्चार्ज देण्याआधी निवाऱ्याला फोन येईल. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर महिनोन् महिने राहणारे कॅन्सर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक सगळ्या देशाने पाहिले आहेत. लहान शहरात तेच दृश्य दहा माणसांचं असतं, म्हणून दिसत नाही. तुरुंगाचं दुसरं दार. बालगृहातून १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचं तिसरं. त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला गाठा.

घराबाहेर काढलेल्या बाईला निवाऱ्यात गादी देण्याआधी एक गोष्ट सांगा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. अत्याचारग्रस्त महिलांना मदत करणाऱ्या सखी केंद्राचा पत्ता आणि १८१ हा महिला मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. मुलांनी बाहेर काढलेल्या आईवडिलांसाठी २००७ चा कायदा आहे, अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे होतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर करून दिलं असेल आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. ही माहिती वेळेवर मिळालेली एक आजी आठ दिवसांत स्वतःच्या खोलीत परत गेली, तिच्यासाठी पालिकेचा एक रुपयाही खर्च झाला नाही. वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती आहे, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथून वकील मोफत मिळतो.

पालिकेचं स्वतःचं अतिक्रमण पथक हेही एक दार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, पण रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या बांधकामांना ते संरक्षण दिलं नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच वगळले गेले. म्हणून आपल्या पालिकेपुरता सभेत ठराव करून घ्या: कारवाईआधी नागरी दारिद्र्य निर्मूलन कक्षाला कळवायचं, तिथल्या माणसांची नोंद करायची, निवाऱ्यात जागा आहे का पाहायचं, पावसाळ्यात आणि शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत हात लावायचा नाही, आणि कागदपत्रं व औषधं जप्त करायची नाहीत.

आठवी पायरी : निवाऱ्यातून खोलीकडे

कमावणारा माणूस निवाऱ्यात वर्षानुवर्षं का राहतो? महिन्याचं भाडं त्याला बहुतेक वेळा परवडतं. अडतं डिपॉझिटवर, एजंटच्या दलालीवर आणि 'आधी कुठे राहत होतात' या प्रश्नावर. तिन्हीवर काम करता येतं. रहिवाशाचं बँक खातं काढून रोजच्या कमाईतून ठरावीक रक्कम बाजूला टाकायची सवय लावा. तिघाचौघांनी मिळून एक खोली घेणं हा सगळ्यात लवकर जमणारा मार्ग आहे, गावाकडचे किंवा एका कामावरचे असले तर टिकतोही. डिपॉझिटच्या काही भागासाठी देणगीदारांकडून एक लहानसा फिरता निधी उभा करा, खोली सोडताना ते पैसे निधीत परत येतात. घरमालकाला निवारा व्यवस्थापकाचं पत्र द्या, किती महिने राहिला, वागणूक कशी, काम कुठे. करार नोंदवून घ्या, तोंडी व्यवहार नको. पुढच्या प्रत्येक कागदाला तो करार लागतो.

स्वतःच्या घराचं बोलायचं तर प्रधानमंत्री आवास योजना-शहरीचा दुसरा टप्पा २०२४ साली सुरू झाला, त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही घटक आहे. देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट बेघर माणूस सहज पूर्ण करतो, अडतो तो उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या कागदांवर. सहाव्या पायरीतली कागदांची कामं झाली असतील तर अर्ज भरता येतो. नगरसेवकांनी एक विचारावं: शहरात भाड्याच्या घरांचा प्रस्ताव गेला आहे का, आणि त्यात निवाऱ्यातल्या कुटुंबांसाठी काही घरं धरली आहेत का?

निवाऱ्याच्या नोंदवहीत शेवटचा रकाना 'गेल्याची तारीख' असा असतो. तिथे आणखी दोन रकाने आखून घ्या: 'कुठे गेले' आणि 'सहा महिन्यांनी कुठे आहेत'. दुसरा रकाना भरायला फोन पुरत नाही, नंबर बदललेले असतात. खोलीवर जावं लागतं. रविवारी सकाळी जा, तेव्हा माणसं घरी असतात, आणि भाडं थकलं असेल तर ते चहा संपेपर्यंत कळतं. एका महिन्याचं थकलेलं असेल तर त्या आठवड्यातच काहीतरी करता येतं, तीन महिने झाले की खोलीला मालकाचं कुलूप लागलेलं असतं.